युरो ट्रक, अमेरिकन ट्रक: मोकळ्या रस्त्याचा फील नेमका येतो कुठून?

लांबपल्ला (धागाकर्ता)

ट्रकच्या खेळांवर इथे अधूनमधून एखादा प्रतिसाद पडतो, "ग्राफिक्स बघा कसले" म्हणत कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतो आणि विषय तिथेच मरतो. मला ग्राफिक्सवर बोलायचंच नाहीये. एससीएस सॉफ्टवेअर या प्रागच्या कंपनीचे दोन्ही खेळ, युरो ट्रक सिम्युलेटर 2 (2012) आणि अमेरिकन ट्रक सिम्युलेटर (2016), खऱ्या ट्रकच्या हिशेबाने धडधडीत खोटे आहेत. तरी लांबच्या रस्त्याला लागल्याची जी भावना त्यांत येते, ती याहून कितीतरी काटेकोर खेळांत येत नाही. का, एवढाच प्रश्न आहे.

सगळ्यात मोठं खोटं आधी सांगतो. युरोपचा नकाशा 1:19 आहे, म्हणजे खरे 19 किलोमीटर तिथे एका किलोमीटरात बसवलेत. पण प्रागच्या या मंडळींची हुशारी मला नकाशापेक्षा घड्याळात दिसते. हायवेला असताना खेळातलं घड्याळही त्याच पटीने पळतं. नॅव्हिगेटर 700 किलोमीटर, साडेआठ तास असं सांगतो, आपण ऐंशी-पंच्याऐंशीने जातो आणि हिशेब जुळतो. खुर्चीत मात्र जेमतेम अर्धा तास गेलेला असतो. शहरात शिरलं की घड्याळ एकदम मंदावतं, 1:3 वर येतं. वेग, वेळ आणि अंतर एकमेकांशी कधी भांडत नाहीत, त्यामुळे फसवणूक झाल्याचं मनाला कळतच नाही.

कळतं ते एकाच वेळी, संध्याकाळी. हायवेवर अख्खा दिवस सव्वा तासात संपतो, त्यामुळे आरशात आभाळ लाल झालेलं दिसतं आणि पुढचा टँकर ओलांडून आपल्या लेनमध्ये येईपर्यंत हेडलाइट लावायची वेळ झालेली असते. मला ते खटकत नाही. उलट सगळ्यात जास्त वाट त्याच दोन मिनिटांची बघतो.

आता माझं म्हणणं. अमेरिकन ट्रक आला तेव्हा त्याचं प्रमाण 1:35 होतं. कॅलिफोर्निया आणि नेवाडा, दोनच राज्यं. लोकांनी बोंब मारली की गाव सुटतंय न सुटतंय तोच दुसरं येतं. 2016 च्या शेवटी कंपनीने सगळा नकाशा ताणून 1:20 वर आणला, म्हणजे रस्ते पावणेदोन पट लांब झाले. ट्रक तेच, भौतिकी तीच, दोन गावांमधला रिकामा रस्ता तेवढा वाढला, आणि खेळ बदलला. मोकळा रस्ता हा त्या रिकामपणात आहे. टायरची पकड, डॅशबोर्डवरची बटणं, इंजिनाचा टॉर्क हे सगळं त्याच्या मागून येतं.

उदाहरण म्हणून युटामधला इंटरस्टेट 70 घ्या. ग्रीन रिव्हर ते सलायना हा सुमारे 177 किलोमीटरचा टापू, मध्ये पंप नाही की हॉटेल नाही. अमेरिकेच्या सगळ्या इंटरस्टेट जाळ्यात बिनासोयीचा एवढा लांब तुकडा दुसरा नाही. 1:20 ने तो नऊएक किलोमीटर भरतो, शंभरच्या वेगाने पाच-सहा मिनिटं. पण तिथे शिरताना डिझेलच्या काट्याकडे नजर जातेच. लाल खडकांतून कापलेला रस्ता, समोर चढ, मागे चाळीस हजार पौंड माल. त्या पाच मिनिटांत मला जे मिळतं त्याला तुम्ही खरेपणा म्हणाल की नाही?

घाटरस्ता

मस्त विषय. बाकडं टाकून बसतो.

डिफलॉक

असहमत, आणि जोरात असहमत. ज्याला तुम्ही मोकळा रस्ता म्हणताय तो रूळ आहे, आणि तुम्ही मालगाडी हाकताय. रस्ता तुम्हाला काही करतच नाही. स्नोरनर (2020) खेळा. मिशिगन, अलास्का, रशियातलं तैमिर. चिखलात चाक किती रुतलंय ते दिसतं, डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) कधी लावायचा आणि कधी काढायचा हे कळलं नाही तर डिझेल भसाभस संपतं, गाडी ओढून काढायची विंच कुठल्या झाडाला टाकायची यावर दहा मिनिटं डोकं चालवावं लागतं. तिथे तीनशे मीटर पार केले की घाम येतो. युरो ट्रकमध्ये रस्ता सुटून शेतात घुसलात तर काय होतं? कठड्याला घासून परत. खरेपणा म्हणजे परिणाम भोगायला लागणं.

लांबपल्ला

@डिफलॉक, स्नोरनर मीही खेळतो आणि चिखलाच्या बाबतीत त्याला तोड नाही हे मान्य. पण तो कोडी सोडवायचा खेळ आहे. संपूर्ण नकाशा काही चौरस किलोमीटरचा, त्यात तुम्ही गोल गोल फिरता. त्यात आपण कुठून तरी निघून कुठेतरी लांब चाललोय असं कधीच वाटत नाही. मी विचारतोय ते या लांब चालल्याबद्दल.

कोरडा_शेरा

रिकामा रस्ता म्हणजेच खरेपणा असेल तर तुमच्यासाठी आदर्श खेळ आधीच बनून गेलाय. डेझर्ट बस. 1995 च्या सुमारास सेगा सीडी या गेमयंत्रासाठी बनवला आणि प्रकाशितच झाला नाही. टूसॉन ते लास व्हेगास, खऱ्या आठ तासांत. बसचा कमाल वेग ताशी 45 मैल, बस सतत उजवीकडे ओढते म्हणून स्टिअरिंग सोडता येत नाही, आणि खेळ मध्येच थांबवायची (पॉज करायची) सोय नाही. वाळूत गेलात तर टो करून परत टूसॉनला, तेही तितक्याच वेळात. पोचलात की एक गुण. मग परतीचा प्रवास. व्हिडिओ गेमची थट्टा म्हणूनच तो केला होता, आणि 2007 पासून काही मंडळी तोच खेळून धर्मादायासाठी पैसे गोळा करतात, कारण तो खेळणं ही शिक्षा आहे हे सगळ्यांना मान्य आहे.

तेव्हा रिकामपणा 1:1 ला असह्य, 1:35 ला अपुरा आणि 1:20 ला रम्य. हा खरेपणा नव्हे, मसाल्याचं प्रमाण आहे.

लांबपल्ला

@कोरडा_शेरा, मसाल्याचं प्रमाण हे मला मंजूर आहे, फक्त ते जमवणं सोपं आहे असं सुचवू नका. डेझर्ट बसमध्ये आठ तासांत बघायला काही नाही, चढ नाही, वळण नाही, दुसरी गाडी नाही. युटाच्या त्या टापूत दर मिनिटाला जमिनीचा पोत बदलतो. 177 किलोमीटरांतले कुठले वळसे ठेवायचे आणि कुठले गाळायचे, हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे.

दहाचाकी

तुमचा धागा आमच्या पोराने दाखवला. आमचा कराडला ट्रान्सपोर्टचा धंदा होता. वडील आणि दोन काका स्वतः गाडी चालवायचे, मीही चालवली. पोराचा युरो ट्रक मी बघितलाय, थोडा चालवलाय सुद्धा.

तुमच्यात गाडी फॅक्टरीत नेली, खुणेच्या चौकोनात लावली, बटण दाबलं की भाडं जमा. अहो, गाडी चालवणं हा धंद्यातला निम्मा भाग. बाकी निम्मा थांबण्यात जातो. गेटवर नोंद, वजनकाटा, मग आमच्या आधी लागलेल्या गाड्या, मग हमाल जेवायला गेलेले. एका कारखान्याच्या गेटवर आमची गाडी शनिवारी दुपारी लागली आणि सोमवारी उशिरा खाली झाली. वेटिंगचे पैसे मागितले तर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, वेळच टाकलेली नव्हती. वर ताडपत्री सोडा, रस्सा सोडा, गुंडाळा, परत बांधा. आता ई-वे बिल आलं, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. वाटेत गाडी बंद पडली की ती मुदत वाढवायची धावपळ. हे काहीच तुमच्या खेळात नाही. नाही तेच बरं, पण मग खरेपणा म्हणू नका.

आता दुसरी बाजूही सांगतो. पोराने मला डोंगरातला उतार दिला आणि म्हणाला, उतरवून दाखवा. मी सवयीने आधी गिअर खाली घेतले, मग इंजिन ब्रेक. ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवलाच नाही. गाडी चाळीसला धरून आली खाली. पोराची गाडी त्याच उतारावर ब्रेक मारत मारत येते आणि मध्येच ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा खाली येऊन चाकं जाम होतात. हे अगदी बरोबर पकडलंय त्यांनी. पुण्यात नवीन कात्रज बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत जो उतार आहे, तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणाऱ्या गाड्यांनी काय काय केलंय ते सगळ्यांना माहीत आहे. लायसन देण्याआधी प्रत्येकाला हा खेळ अर्धा तास द्यायला पाहिजे, असं मी घरी म्हणालो.

आणि रिव्हर्स. ट्रेलर मागे घेणं त्यांनी झकास केलंय. पण आमच्याकडे मागे किन्नर, म्हणजे क्लीनर, असतो. तो पत्रा थोपटत असतो, येऊ द्या, येऊ द्या, आणि थोपटणं थांबलं की ब्रेक. आरशापेक्षा त्या हाताच्या आवाजावर भरवसा जास्त. खेळात ड्रायव्हर एकटा. मला सगळ्यात परकं ते वाटलं.

घाटरस्ता

दहाचाकी साहेब, दंडवत. थोपटणं थांबलं की ब्रेक, हे वाचून खुर्चीतच पाय दाबला गेला.

डिफलॉक

@दहाचाकी, काका, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे झालात. उतार गाडीला काहीतरी करतो म्हणून तुम्हाला खरं वाटलं. मी वेगळं काय म्हणतोय?

दहाचाकी

बाजूबिजू काही नाही. पण चिखलात रुतलेली गाडी रोज काढायला लागली तर तो ट्रकवाला धंदा बंद करून घरी बसेल. आम्ही असला रस्ता टाळायचो. चांगला ड्रायव्हर तो, ज्याच्या गाडीला काही होत नाही आणि ज्याचा दिवस कंटाळवाणा जातो.

पावसाळी

मी स्वतःला गेमर वगैरे म्हणवत नाही, पण रात्री मुलं झोपली की तासभर ट्रक चालवते. कुणी विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न असतो, ते सोडा.

इथे आवाजावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. 2020 मध्ये दोन्ही खेळांची ध्वनियंत्रणा बदलली आणि तेव्हापासून खिडकीची काच खाली करता येते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण काच बंद असताना इंजिन खालून, पायाखालून येतं, आणि काच दोन बोटं उघडली की शेजारून जाणारी गाडी, वारा, पाऊस असेल तर ओल्या रस्त्यावरच्या टायरांचा तो सर्र आवाज, सगळं एकदम डाव्या कानात येतं. बोगद्यात शिरताना काच उघडी ठेवून बघा. चित्र डोळ्यांसमोर एका चौकटीत असतं, आवाज मात्र खोलीभर होतो. मला तरी आपण केबिनमध्ये आहोत असं वाटायला लावतो तो आवाजच.

दुसरं, रेडिओ. खेळात इंटरनेट रेडिओची यादी असते आणि ती एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असल्यामुळे आपली स्टेशनं घालता येतात. किंवा डॉक्युमेंट्समध्ये खेळाचं जे फोल्डर बनतं, त्यात म्युझिक नावाच्या फोल्डरात आपली गाणी टाकायची. बर्गनकडे जाणारा नॉर्वेचा अरुंद रस्ता, बाहेर भुरभुर पाऊस आणि आत नाट्यसंगीत. खोटं तर खोटं, मला हवंय ते.

कोरडा_शेरा

पावसाळी ताई, नॉर्वेत नाट्यसंगीत यावर आक्षेप घ्यायला आलो होतो, पण परदेशी ट्रक चालवणारे आपले लोक तरी दुसरं काय ऐकत असतील? आक्षेप मागे.

ऱ्हाईनकाठी

ड्यूसबर्गजवळ राहतो, त्यामुळे थोडी स्थानिक माहिती. ट्रक चालवत नाही, पण रोज ट्रकच्या मागे अडकतो.

खेळात नाही ते आधी सांगतो. जर्मनीत रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्री 12 ते त्याच दिवशी रात्री 10 पर्यंत साडेसात टनांवरच्या मालट्रकांना रस्त्यावर बंदी असते. काही मालाला सूट आहे, पण रविवारचा ऑटोबान बघितलात तर ओळखू येणार नाही. खेळात रविवार सोमवारसारखाच. दुसरं, पार्किंग. युरोपियन नियमाने साडेचार तास चालवलं की 45 मिनिटांची विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा. गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात सगळं नोंदलं जातं. त्यामुळे संध्याकाळी सगळे ट्रक एकाच सुमारास जागा शोधतात आणि थांबे भरून ट्रक पार एक्झिटच्या कडेपर्यंत उभे असतात. खेळात झोप आली की कुठेही जागा मोकळीच. दहाचाकी काका थांबण्याबद्दल बोलले, इथल्या ड्रायव्हरचं रडगाणं थांबायला जागा न मिळण्याचं आहे.

आणि हत्तींची शर्यत. ट्रकांचा वेग रोखणारा लिमिटर 90 ला असतो. एक 89 ने चाललाय, दुसरा त्याला 90 ने ओलांडतोय, मागे आम्ही सगळे दोन-दोन मिनिटं दात खात बसलेलो. खेळात मी लिमिटर चालू ठेवून हे मुद्दाम करतो. सूड म्हणा.

पण त्यांनी काय अचूक धरलंय माहितीये? पाट्या. जर्मनीत ऑटोबानच्या पाट्या निळ्या, बाकी रस्त्यांच्या पिवळ्या. सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये गेलात की हायवे हिरवा आणि इतर रस्ते निळे. फ्रान्समध्ये नेमकं उलटं, हायवे निळा आणि राष्ट्रीय रस्ते हिरवे. इटलीत परत हायवे हिरवा. खेळात हे सगळं आहे. सोबत कठड्यांचे प्रकार, रस्त्याकडेच्या पांढऱ्या खुंट्या, डांबराचा रंग. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या खुल्या सीमांच्या देशांत, सीमेवर बऱ्याचदा थांबावंच लागत नाही, त्यामुळे देश बदलला हे खऱ्या आयुष्यातही असंच पाट्यांवरून कळतं. पहिल्यांदा फ्रान्समध्ये गाडी घेऊन गेलो तेव्हा पाट्या ओळखीच्या वाटल्या, त्या या खेळामुळे.

आमचं ड्यूसबर्ग मात्र खेळात म्हणजे चार गोदामं आणि दोन सिग्नल. त्यातून ट्रकर्सएमपी या मल्टिप्लेयर मोडवर कॅले–ड्यूसबर्ग रस्ता जगभरातल्या हौशी ड्रायव्हरांच्या गर्दीने कायम तुंबलेला. तिथे उलट्या दिशेने येणारे, कठड्यावरून उडणारे, हॉर्न वाजवत बसणारे सगळे भेटतात. काही जणांना पुण्याची आठवण येते म्हणे.

लांबपल्ला

पाट्यांचा मुद्दा फार पटला. नकाशा कितीही आकसला तरी पाटीचा आकार आणि तिच्यावरची अक्षरं आकसलेली नाहीत. जवळचं सगळं खऱ्या मापाचं आणि दूरचं सगळं जवळ ओढलेलं, अशी ती युक्ती आहे.

जुनाट_पीसी

इतिहासात कुणीच गेलं नाही म्हणून दोन शब्द. एससीएसवाले 2012 ला आकाशातून पडले नाहीत. 2002 पासून त्यांची एटीन व्हील्स ऑफ स्टील ही मालिका होती, 2006 चा हॉलिन आणि 2007 चा अमेरिकन लाँग हॉल आम्ही सायबर कॅफेत रुपयांवर मिनिटं मोजत खेळलो. त्याच्याही आधी रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या सॉफ्टलॅबचा हार्ड ट्रक 2, साल 2000. त्यात माल पोचवायची दुसऱ्या ट्रकांशी शर्यत असायची आणि वाटेत माफिया लुटायला यायचे. म्हणजे नुसतं चालवणं पुरेसं आहे यावर तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता. युरो ट्रकमध्ये माफिया नाही, शर्यत नाही, आणि तरी लोक टिकले. माझ्या मते या प्रकारातला सगळ्यात धाडसी निर्णय तो होता.

डिफलॉक

@जुनाट_पीसी, हार्ड ट्रक 2 चं नाव काढलंत, काळजात हात घातलात.

घाटरस्ता

आपल्या रस्त्यांवर असा खेळ का नाही? बस सिम्युलेटर इंडोनेशियात लोकांनी लालपरीपासून लेलँडच्या लॉऱ्यांपर्यंत सगळं घातलंय, पण रस्ते इंडोनेशियाचेच. युरो ट्रकवर भारताचे हौशी नकाशे येतात, पण त्यांत रस्त्यावरच्या गाड्या जर्मन शिस्तीत चालतात. उलट्या बाजूने ट्रॅक्टर येत नाही, उसाची बैलगाडी नाही, दुभाजकातून अचानक दुचाकी नाही. मग तो सातारा रस्ता कसला?

दहाचाकी

आणि आला तरी चालवणार कोण? युरोपातली केबिन बघितली की आधी डोळे मिटतात. गादी, फ्रिज, पडदे. आमच्या जुन्या गाडीत बॉनेटची धग मांडीला लागायची, मे महिन्यात पाय ठेवायला ओलं पोतं टाकायचो. आत्ता 1 ऑक्टोबर 2025 पासून नवीन ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, तीही किती उशिरा.

कोरडा_शेरा

समृद्धी महामार्गावर खेळ काढा की. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, जून 2025 पासून पूर्ण खुला. 1:19 ने 37 किलोमीटर, ऐंशीने गेलात तर अर्ध्या तासात इगतपुरीचे बोगदे पार. मोकळा रस्ता, रिकामपणा, सगळं हजर.

गंमत बघा, तोच सरळ रिकामा रस्ता प्रत्यक्षात लोकांना झापड आणतो. अपघात झाला की वर्तमानपत्रांत महामार्ग संमोहनावर लेख येतात. धागाकर्ते ज्याची वाट बघत बसतात, त्याच्यापासून वाचायला खरा ड्रायव्हर तंबाखू मळतो.

लांबपल्ला

@कोरडा_शेरा, हो. खेळात झापड येते तेव्हा पडदा दोनदा काळा होतो आणि एक जांभई ऐकू येते, फार तर थोडा दंड बसतो. भीती काढून उरलेला रस्ता मला आवडतो, हे मान्य करायला मला अडचण नाही. पण भीती काढूनही वजन उरतं. ट्रेलर रिकामा आहे की पंचवीस टन भरलेला, हे चढावर गिअर बदलताना आणि सिग्नलला थांबताना कळतं, आणि ते नसतं तर मी हा खेळ दोन दिवसांत काढून टाकला असता. समृद्धीबद्दल म्हणाल तर मी बुलढाण्याजवळचा टापू पावसाळ्यात बघितलाय. तो खेळात आला तर पहिली रांग माझी.

नवखा_ड्रायव्हर

धागा वाचून काल रात्री युरो ट्रक घेतला. स्टिअरिंग व्हील नाही, साधा लॅपटॉप आणि कीबोर्ड. गाडी रस्त्यावर सापासारखी चालते आणि तुम्ही म्हणताय तो फील येत नाही. काय करू?

लांबपल्ला

व्हीलशिवाय छान चालतं, घाबरू नका. पहिलं काम, स्टिअरिंगची सेन्सिटिव्हिटी कमी करा आणि नॉनलिनिअॅरिटी वाढवा, म्हणजे बोट जरा लागलं की गाडी लेन सोडणार नाही. जमलं तर माउसने स्टिअरिंग करून बघा, कीबोर्डपेक्षा पुष्कळ गुळगुळीत आहे.

मग केबिनमधला कॅमेरा. बाहेरचा वापरूच नका, तिथे फील मरतो. एफ 4 दाबून आसन आणि आरसे नीट लावा, डॅशबोर्डचे काटे दिसले पाहिजेत आणि समोर रस्ता भरपूर. स्क्रीनच्या कोपऱ्यातला वाट दाखवणारा सल्लागार एफ 3 ने बंद करा, नॅव्हिगेशन केबिनमधल्या छोट्या पडद्यावर बघा. सुरुवातीला एक्झिट चुकतील, चुकू द्या. पुढचा यू-टर्न शोधत जी दहा मिनिटं जातात, त्यात रस्ता कळतो.

गेमप्लेच्या पर्यायांत ट्रेलरची स्थिरता थोडी खाली ओढा. वळणावर वेग जास्त झाला तर मागचा डबा कलतो आणि पुढच्या वेळी पाय आपोआप उचलला जातो. विश्रांतीची सक्ती चालू ठेवा. हवेच्या ब्रेकचं सिम्युलेशन चालू करा. लॅपटॉप तापत असेल तर आरशांची गुणवत्ता आणि सावल्या आधी कमी करा, स्केलिंगला (चित्राच्या रिझोल्यूशनला) शेवटी हात लावा, नाहीतर लांबच्या पाट्या वाचता येणार नाहीत.

आणि सवय असेल तर आधी ब्रिटनमध्ये चालवा. डावीकडून चालायचं आहे, शिवाय उजव्या स्टिअरिंगची केबिन घेता येते.

पावसाळी

आणि पहिल्या दिवशी लांबचं भाडं घ्या, दोन गावं शेजारची नकोत. सगळे तिथेच कंटाळतात.

डिफलॉक

मी अजून ठाम आहे, पण शनिवारी रात्री कॉन्व्हॉय, म्हणजे सगळ्यांनी मिळून ऑनलाइन फेरी, काढणार असाल तर येतो. 2021 पासून तो खेळातच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. हत्तींची शर्यत लावू.

ऱ्हाईनकाठी

मी येतो. तुमची रात्र म्हणजे माझी संध्याकाळ. कॅले–ड्यूसबर्ग सोडून कुठेही.

नवखा_ड्रायव्हर

मलाही घ्या. फक्त एक अडचण. वर सांगितल्याप्रमाणे हवेच्या ब्रेकचा पर्याय चालू केला, झोपून उठल्यावर इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, रेस दिली, तर गाडी जागची हलत नाही. खेळ बिघडला का?

दहाचाकी

बिघडलेला नाही. रात्रभर उभ्या गाडीची हवा उतरते. रेस देऊ नका, गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि हवेचा काटा वर येईपर्यंत बसून राहा. काटा भरला की पार्किंग ब्रेक सोडा, मग गिअर टाका. आमच्याकडे तेवढ्या वेळात किन्नर चारी बाजूंनी टायर ठोकून यायचा. तुम्ही चहा ठेवा.